वैकुंठरथाचं तापणारं मॅनिफोल्ड

ती. सोमेश्वरदाजींना,

बजरंगचे दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात ग्रीसचे आहेत, कागदावर बोटं उमटली तर तो आदराचाच भाग समजावा.) तुमची शुगर, संगीताताईचे गुडघे आणि भोसरीच्या गॅरेजचा तो गळका पत्रा, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडं आम्ही सगळे आहोत. बरे आहोत असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? आईचं दुखणं आहे तिथंच आहे. डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, गोळ्या चालू ठेवा, मग काही वर्षंही निघतील. तिचा जीव आरोहीत गुंतलाय हे तुम्हाला ठाऊक आहेच. पोरगी बारावी झाली, अठरा पूर्ण झाली, तिला अंबाजोगाईला नर्सिंगला जायचंय. आणि तिच्या बापानं, आपल्या भारतदादानं, तिचं लग्न दिवाळीच्या आत लावून देतो असा पाहुण्यांना शब्द देऊन ठेवलाय. मुलगा ऊसतोडीला जाणारा, त्याला कोयत्याला जोडीण पाहिजे. म्हणजे यंदाच्या हिवाळ्यात आपली आरोही एक तर दवाखान्याच्या वॉर्डात उभी असेल, नाही तर कुठल्या तरी कारखान्याच्या फडात. आणि दाजी, हे सगळं आता तुम्ही गावाला दिलेल्या जीपच्या इनटेक मॅनिफोल्डवर येऊन ठेपलंय. हसू आलं असेल तर हसून घ्या. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन कायम मोठ्या आवाजावर टाकता आणि ताई तिथंच भाजी निवडत बसलेली असते, म्हणून हा पत्राचा उद्योग.

आता पहिल्यापासून सांगतो, कारण तुम्हाला मी आजवर अर्धंच सांगितलंय. आपलं जुनं स्मशान तलावाच्या पाण्यात गेलं आणि सरकारनं नवं शेड बांधलं ते वर माळावर, गावापासून एवढं लांब की खांदेकऱ्यांनाच खांदेकरी लागावेत. त्या वेळी तुम्ही वडिलांच्या नावानं ती जुनी पेट्रोल जीप गावाला दिलीत, मागचा हूड काढून तिरडी बसेल असा सांगाडा केलात आणि पाठीवर 'वैकुंठरथ, कै. रामभाऊ यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून घेतलंत. फार पुण्याचं काम झालं. (गाडी बंद पडली की मागची माणसं जे काही बोलतात ते कै. रामभाऊंचं नाव वाचतच बोलतात, हे मात्र मी तुम्हाला इतकी वर्षं कळवलं नव्हतं.) गाडी चालवायला कोणी तयार होईना, मढ्याची गाडी म्हणून. मी तुमचा मेहुणा, त्यामुळं मला कोणी विचारलंच नाही; चावीच हातात दिली.

तुमच्या या जीपची खोड तुम्हाला माहीत आहे. इंजिनाच्या एकाच अंगाला धूर बाहेर सोडणारा नळ आणि बरोबर त्याच्या डोक्यावर हवा-पेट्रोल आत ओढणारा नळ, तेच मॅनिफोल्ड. खालची चूल आणि वरचा तवा म्हणा. रस्त्यानं भरधाव पळाली तर वाऱ्यानं निभतं. पण ही गाडी भरधाव पळवायची सोय नाही. पुढं टाळ-मृदंग, मागं सगळं गाव, आणि मधे आम्ही पहिल्या गियरमध्ये, माणसाच्या पायानं, मे महिन्याच्या दुपारी, माळाचा चढ चढतोय. वारा नाही. खालचा नळ लालबुंद. वरचं मॅनिफोल्ड तापतं, त्याच्यावरचा कार्बोरेटर तापतो, पेट्रोल उकळून त्याची वाफ होते आणि गाडी चढाच्या मधोमध दोन आचके देऊन गप्प होते. मग सावकाश निववायची. निवली की एका सेल्फला सुरू. यात देवाधर्माचं काही नाही, हे मी सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण पुढं मला स्वतःलाच त्याची खात्री राहत नाही.

पहिल्यांदा अडली ती बबनरावांच्या वेळी. बबनराव म्हणजे आपले माजी सरपंच. मेले तेव्हा आजूबाजूच्या गावांतून एवढ्या जीपा आल्या होत्या की वैकुंठरथाला वाट मिळेना. चढाच्या पायथ्याशी लिंबाखाली विसावा झाला. तिरडी खाली ठेवली, दगड ठेवला, दिशा बदलली, सगळं रीतसर. आता विसाव्यानंतर मढं मधे कुठं थांबवायचं नसतं, हे लहान पोराला माहीत आहे. आणि गाडी चढावर थांबली. टाळ थांबले. मी बॉनेट उघडलं. पेट्रोलचा उग्र वास आला आणि मी सांगायला लागलो की मॅनिफोल्ड तापलंय, जरा दम धरा. पण ऐकतंय कोण? मागून कोणीतरी म्हणालं, "जीव अडकलाय बबनरावांचा." झालं. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही की आपण जे करतो तेच सुरू झालं, फक्त कावळ्याच्या जागी तुमची जीप. त्यांचा मुलगा अमरसिंह हात जोडून म्हणाला, आबा, नारायणगडाच्या वाटेवर तुमच्या नावाची कमान बांधतो. मी सेल्फ मारला. नाही. पुतळा बसवतो. नाही. शाळेला तुमचं नाव देतो. नाही. (तोवर इंजीन कुठं निवलेलं असायला?) माणसं उन्हानं करपायला लागली, तिरडीवरचा गुलाल घामट झाला. तेवढ्यात वस्तीवरचे आसारामबाबा पुढं आले आणि हळूच म्हणाले, "सरपंच वस्तीला मळ्यातल्या बोअरचं पाणी देतो म्हणलते. ऱ्हाऊन गेलं." अमरसिंह त्यांच्यावर डोळे वटारून बघत राहिला. मग ऊन, घाम, बाप आणि सगळा तालुका बघतोय, असं सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं असणार. तो ओरडला, "देतो बे, देतो! घ्या पाणी!" मी सेल्फ मारला आणि दाजी, इंजीन लागलं.

बायांनी गाडीच्या टायरला हळद-कुंकू लावलं. वस्तीला पाणी सुरू झालं, ते आजही चालू आहे. बापाच्या तिरडीसमोर दिलेला शब्द मोडायची हिंमत अमरसिंहाला नाही, त्याच्या पार्टीलाही नाही. मी चारचौघांत सांगत फिरलो की अहो, वाफ झाली होती पेट्रोलची. तर लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की बजरंग एवढं सगळं डोळ्यांनी बघूनही सुधरला नाही.

मला मात्र लाज वाटायची. ड्रायव्हर माणूस मी. माझी गाडी चढावर बंद पडते, याचं कौतुक कसलं? म्हणून तर तुम्हाला सारखे फोन करत होतो, तापतंय, काय करू. तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. आधी ओलं फडकं. कार्बोरेटरवर आणि नळावर ओलं फडकं टाकायचं, सुकलं की पुन्हा भिजवायचं. एका अंत्ययात्रेत मी उतरून ते फडकं पिळत होतो, फडकं पांढरं, आणि मयताच्या भावकीला वाटलं की मी कफनाचा तुकडा फाडून इंजीन पुसतोय. दोघांनी माझी गचांडी धरली, बाकीच्यांनी सोडवलं, आणि या भानगडीत इंजीन छान निवलं. मग तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दोन्ही नळांच्या मधे आडवा बसवला. आच निम्मी अडली, पण पत्रा थरथरायचा. भजनी मंडळाचा ताल एक आणि पत्र्याचा ताल दुसरा. अभंग संपेपर्यंत मृदंगवाला पत्र्याच्या मागं गेलेला. त्यांनी मला निक्षून सांगितलं की एक तर तुझी गाडी सुरात आण, नाही तर आम्ही येत नाही.

त्यानंतर ती दोरी. कारखान्याच्या बॉयलरला गुंडाळतात ती जाड दोरी ओळखीनं मिळाली, खालच्या नळाला घट्ट गुंडाळली. नवी दोरी पहिल्यांदा तापली की धूर करते, हे तुम्ही सांगितलं होतं, मी विसरलो. त्या दिवशी गाडीत आसारामबाबा होते. हो, तेच. दोन वर्षांमागं उन्हाळ्यातच गेले. चढ अर्धा झाला आणि गाडीतून भसाभसा पांढरा धूर. मागची माणसं "पेटले, बाबा गाडीतच पेटले" म्हणत पांगली, खांदेकरी नांगरटीत पळाले, आणि एवढ्या मोठ्या माळावर मी आणि आसारामबाबा दोघंच राहिलो. त्यांचा चेहरा शांत होता. मलाच फार रडू आलं, ते का ते सांगता येत नाही. धुरानं असेल. तोवर गाडी अडलीच होती. माणसं परत गोळा झाली आणि आसारामबाबांच्या मुलानं पळून जाऊन लग्न केलेल्या बहिणीला घरी आणायचं कबूल केलं. गाडी सुरू झाली. ती बहीण आता पंचमीला माहेरी येते.

तर असं चाललं होतं. कोणाच्या मागं राहिलेल्या म्हाताऱ्याच्या औषधाला पोरं उभी राहिली, कोणाची बांधावरची भांडणं मिटली. जिवंतपणी ज्याचं कोणी ऐकलं नाही त्याचं त्या चढावर ऐकलं जायचं. आणि मी मूर्ख, गाडी कशी अडणार नाही याच्या मागं लागलो होतो. अखेर मागच्या महिन्यात तुम्ही एसटीनं ते जाड फायबरचं पॅकिंग पाठवलंत, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे बसवायचं. बसवलं. पत्रा पक्का केला, दोरी घट्ट केली, बॉनेटच्या मागच्या अंगाला लाकडाचे ठोकळे घालून गरम हवेला वाट केली. रणरणत्या उन्हात रिकामी गाडी चढावरून वर-खाली केली, हात लावून बघितला, मॅनिफोल्ड कोमट. मी तुम्हाला फोन करून नाचलो होतो, आठवतं? तुम्ही म्हणालात, आता माझ्या बापाच्या नावाला कोणी शिव्या देणार नाही.

त्यानंतरची पहिली अंत्ययात्रा सत्यशीलाच्या नवऱ्याची. तरुण पोरगा, ट्रॅक्टर उलटून गेला. पदरात दोन लेकरं. गाडी दाजी, लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. मी स्टिअरिंगवर ताठ बसलो होतो. मागं मयत, म्हातारा बाप छाती बडवतोय, आणि मी मनात म्हणतोय की वा, काय पिकअप आहे. चढाच्या मधे सगळी माणसं आपोआप थबकली. वाट बघत होती. सत्यशीलाचा भाऊ तर बोलायला पुढंही आला होता. मी थांबलोच नाही. गाडी चांगली चालत असताना कशाला थांबू?

तेराव्यानंतर दिरांनी तिला लेकरांसकट माहेरची वाट दाखवली. भावकी बसली होती, कोणी तरी विचारलं की बाबांनो, तुमच्या भावाची लेकरं आहेत. तर थोरला दीर म्हणाला, "त्येचं काय अडकलं असतं तर गाडी थांबली असती की. थांबली का?" भावकी उठून आपापल्या घरी गेली. गावात आता तोच कायदा आहे. सत्यशीला मला एसटीच्या थांब्यावर भेटली, कडेवर एक, हाताला एक. रडत नव्हती. म्हणाली, "भाऊजी, गाडी कावून न्हाई थांबली?" आणि मी तिला मॅनिफोल्ड समजावून सांगायला लागलो. पॅकिंग कसं असतं, पत्रा कुठं बसतो, हातवारे करून. ती ऐकत होती. एसटी आली, ती चढली, आणि माझं बोलणं अर्धंच राहिलं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. मी कोणाचं वाईट केलं नाही दाजी, फक्त गाडी दुरुस्त केली. हे मी स्वतःला सांगतो आणि मला पटत नाही.

आता आपल्या घरचं. भारतदादा वाईट नाही, हे तुम्ही जाणता. मंगलवहिनीची पाठ ऊस बांधून बांधून गेली, ते त्यानं बघितलंय. मी त्याला विचारलं, पोरीला तिकडंच का ढकलतोस? तर तंबाखू मळत म्हणाला, "मला बी वाटतंय तिनं शिकावं. पर शब्द दिलाय, बजरंगा. आईच्या दुखण्यापायी तारीख म्होरं ढकलता येईल, पर शब्द मोडता येत न्हाई. असाच मोडला तर पाव्हणे दारात येऊन बसतेत, उद्या धाकट्या पोराला पोरगी कोण देईल? हां, आईची गाडी अडली, आन् तिच्याम्होरं शब्द दिला, तर मी मोकळा. मग कोण काय म्हणणार न्हाई." दादाला सुटायचंय, पण त्याला सोडवू शकेल अशी गोष्ट या गावात एकच आहे, आणि ती मी दुरुस्त करून ठेवली.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं, चढावर चावी बंद कर. ते जमत नाही. विस्तवाचं मडकं घेऊन थोरला मुलगा माझ्या शेजारीच बसतो, म्हणजे दादाच. तो ट्रॅक्टर चालवतो, चावी कोणी फिरवली ते त्याला डोळे मिटूनही कळेल. त्याला खरंच अडलेली गाडी पाहिजे, म्हणजे पाहुण्यांसमोर त्याची मान खाली जाणार नाही. आणि दुसरं म्हणजे, आईच्या तिरडीशी लबाडी माझ्याच्यानं होणार नाही. पेट्रोलची वाफ झाली तर ती खरी झाली. तिला मी काय करणार? (एवढा बारीक विचार मी आयुष्यात दुसऱ्या कशाचा केलेला नाही.)

असो. बाकी सगळं क्षेमच म्हणायचं. ताईला नमस्कार, भाच्यांना गालाला हात लावून आशीर्वाद. पत्रात कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर उन्हाचा दोष समजून पोटात घालावं.

तुमचा,
बजरंग

ता. क. – सोबतच्या पिशवीत तुमचं फायबरचं पॅकिंग परत पाठवलंय. रागावू नका, फार चांगलं आहे, म्हणूनच परत. पत्रा, दोरी, ठोकळे, सगळं काढून टाकलं. आईच्या वजनाचं म्हणून एक वाळूचं पोतं मागं ठेवून चढावर बघितलं. (पोतं जड झालं, निम्मी वाळू ओतून दिली.) भर दुपारी नेली तर मधोमध अडली, अगदी पूर्वीसारखी. सकाळच्या थंडाव्यात नेली तर सरळ वर गेली. परवा आभाळ भरून आलं होतं, तेव्हाही सरळ वर.

आणखी एक ता. क. – हे ताईला वाचून दाखवू नका. पोत्याचं काय चाललंय असं आईनं विचारलं, आणि मी तिला सगळं सांगून बसलो. कडक ऊन असलं तरच गाडी अडते, पाऊस पडला की चार महिने अडायची नाही, पुढं थंडीतही नाही, हेही सांगितलं. तिला इंजिनातलं काही कळत नाही, म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून ती रोज विचारते, "मिरुग कवा हाय रं?" मला वाटलं पेरणीची काळजी. काल आरोही तिचं अंथरूण झटकत होती, तर खालून गोळ्या निघाल्या. कितीतरी दिवसांच्या. मी विचारलं तर आई म्हणाली, "ऊन हाय तवर जाते. नंतर तुझी गाडी थांबायची न्हाई." आरोहीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं, आता गोळ्या समोर बसून देते, पण आई त्या गालात धरते.

तर दाजी, एवढ्या पत्राचं मागणं एवढंच. मॅनिफोल्ड थंड कसं ठेवायचं ते तुम्ही मला शिकवलंत. आता भर पावसात, कडाक्याच्या थंडीत, पहाटेसुद्धा ते तापून गाडी चढावर खरीखुरी बंद पडेल असं काहीतरी काढा. पत्र मिळेल त्या गाडीनं या, हत्यारं घेऊन या. मृग तोंडावर आलाय. मला आईसमोर बसून सांगता आलं पाहिजे की आई, गाडी बाराही महिने अडते, तू गोळ्या घे.